येजा नव्हे, वस्ती

विभागाच्या वेबसाइटवर प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याची थोडक्यात ओळख टाकायची असं ठरलं, तेव्हा माऊने ती एका बैठकीत लिहून टाकली. पार्श्वभूमी आणि संशोधनाचा विषय, एवढंच हवं होतं. तिने लिहिलं, "माझे वडील नदीतला गाळ काढणाऱ्या बोटीवर नोकरीला होते. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्यासोबत जायचे. पहिलं पाणमांजर मी त्या बोटीवरून पाहिलं. एखादा प्राणी कुठे दिसतो यापेक्षा तो कुठे राहतो, पिल्लं कुठे वाढवतो आणि तीच जागा त्याला का पटते, हे मला शोधायचं आहे."

तिच्या गाइडने, म्हणजे सरांनी, कागद वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"हे काय, आत्मचरित्र लिहायला घेतलंस का?"

"पार्श्वभूमी लिहा म्हणाले होते, सर."

"पार्श्वभूमी म्हणजे शिक्षण. गाळ, बोट, वडील... हे शोभत नाही गं. लिही, 'लहानपणापासून निसर्गाची ओढ.'"

"ओढ नव्हती, सर. आईच्या घरी शिकवण्या असायच्या. मी मध्ये मध्ये लुडबुडायचे म्हणून ती मला बाबांबरोबर पिटाळायची."

सर हसले. त्यांचं हसणं मऊ होतं आणि आवाज त्याहून मऊ. नदीतल्या प्राण्यांबद्दल काही विचारायचं झालं की वर्तमानपत्रं त्यांनाच फोन करत. खिसेच खिसे असलेलं एक जाकीट ते कायम घालत, अगदी केबिनमध्येसुद्धा. त्यांनी पेन काढलं आणि बाबांच्या वाक्यावर आडवी रेघ मारली. माऊला ते खटकलं, पण एका वाक्यासाठी कुठे अडून बसायचं, असं म्हणून तिने सोडून दिलं. प्रबंध महत्त्वाचा होता.

माऊ हे तिचं घरातलं नाव. लहानपणी पाणी दिसलं की ती मांजरासारखी अंग चोरायची, अंघोळीच्या वेळी तर घर डोक्यावर घ्यायची, म्हणून आईने ते पाडलं. पुढे ती पाणमांजरांवर काम करायला लागली तेव्हा प्रयोगशाळेतल्यांना आयतंच कोलीत मिळालं. तिच्या शेजारच्या टेबलावर घुबडांवर काम करणारा एक मुलगा होता. त्याला सगळे घुबडच म्हणत, आणि जाड भिंगांच्या चष्म्यामुळे ते शोभतही असे. तो तिला 'पाणमाऊ' म्हणायचा.

काम मात्र थट्टेचं नव्हतं. शहराच्या वरच्या अंगाला नदी एक मोठं वळण घेते. त्या वळणाच्या आतल्या काठावर जुनी झाडं आहेत. पुरांनी खालची माती धुऊन नेलेली, त्यामुळे मुळं उघडी पडून त्यांच्यामागे पोकळ्या झालेल्या. पुढ्यात पाणकणसाचं दाट, उंच गवत. समोरच्या काठावर मात्र पालिकेने केव्हाच काँक्रीटची भिंत घातलेली. एकच नदी, तेच पाणी, तेच मासे. फरक फक्त काठाचा. प्राण्याला हा फरक किती महागात पडतो, हाच माऊचा विषय. ती दोन्ही काठ पायाखाली घालायची. खडकांवरची विष्ठा गोळा करायची, चिखलातले ठसे मोजायची, आपोआप फोटो काढणारे कॅमेरे झाडांना बांधायची. घरी आली की आई दारातच थांबवायची. "आधी अंघोळ. तुझ्या अंगाला मासळीबाजार येतोय."

दुसऱ्या वर्षी तिच्या कॅमेऱ्यात एक मादी आली, आणि तिच्यामागोमाग, मुळांमधून धडपडत, दोन पिल्लं. माऊ लॅपटॉप उघडाच धरून सरांच्या केबिनपर्यंत धावत गेली. सरांनी फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. पाठ थोपटली. म्हणाले, "सुंदर! पण सध्या कुणाला दाखवू नकोस. आधी शोधनिबंध, मग गाजावाजा." हे तिला रास्त वाटलं. तिने तोंडाला कुलूप लावलं.

पुढच्या वसंतात सरांनी तिला एक सादरीकरण तयार करायला सांगितलं. पालिका नदीकाठाचं सुशोभीकरण करणार होती. फिरायला फरसबंदी रस्ता, बाकं, दिवे आणि त्याखाली अखंड भिंत. सर त्या प्रकल्पाचे तज्ज्ञ सल्लागार होते. "तुझा नकाशा दे," ते म्हणाले. "आणि तूही चल. स्लाइड पुढे सरकवायला कुणीतरी हवंच."

माऊ हरखली. नकाशावर तिने पाणमांजरांच्या खुणा सापडलेली प्रत्येक जागा ठिपक्याने दाखवली होती. वळणावर ठिपक्यांची एवढी दाटी होती की तिथे कुणी शाई सांडल्यासारखं वाटावं. हा नकाशा साहेबलोकांनी एकदा पाहिला की भिंत वळणावरून नक्की हटणार, असं तिला वाटलं. भोळी होती ती, दुसरं काय!

पालिकेची सभा थंडगार खोलीत होती. लांबलचक टेबल, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली, आणि भिंतीवर नव्या नदीकाठाचं चित्र. त्यात हसरी कुटुंबं होती, सायकली होत्या, आकाशात पांढरे पक्षी होते. नदी मात्र नळातून आल्यासारखी सरळ होती. माऊ कोपऱ्यात लॅपटॉपपाशी बसली. सर बोलत होते, ती बटण दाबत होती. आदल्या दिवशी सरांनी फाइल 'जरा नीटनेटकी करतो' म्हणून मागून घेतली होती. नकाशाची स्लाइड आली.

वळणावर एकही ठिपका नव्हता.

तिला आधी वाटलं, पडद्याचा दोष असेल. मग दिसलं, की काँक्रीटच्या काठावरचे तुरळक ठिपके जागच्या जागी आहेत. फक्त आतल्या काठावरचे गेले होते. सगळेच्या सगळे. कुणीतरी बसून एकेक टिपून काढावेत तसे.

"आपण पाहू शकता," सरांचा मऊ आवाज येत होता, "या पट्ट्यात पाणमांजरांचा अधिवास नाही. आहे ती केवळ येजा. प्राणी येतो, जातो. भिंतीमुळे त्याला विशेष बाधा येणार नाही."

माऊने बटणावरचा हात काढून घेतला.

"पुढची स्लाइड," सर म्हणाले. ती हलली नाही. सगळे तिच्याकडे बघायला लागले. सरांनी एक पाऊल मागे येऊन तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "ही माझी विद्यार्थिनी. हे सगळं हिच्याच मेहनतीचं फळ. हिचे वडील नदीतला गाळ काढणाऱ्या बोटीवर कामगार होते. अशा घरातली मुलगी आज नदीवर संशोधन करते आहे, हे आपल्या विभागाचं खरं यश."

टाळ्या पडल्या. साहेबलोकांनी कौतुकाने माना डोलावल्या.

वेबसाइटवर बाप शोभत नव्हता, इथे मात्र शोभला! तिच्या नावावर खोटं विकायचं होतं ना, मग वर बापाच्या घामाचा अत्तरासारखा शिडकावा हवाच. ती उभी राहिली. "सर, वळणावरचे ठिपके—"

"प्रश्न शेवटी," सर म्हणाले आणि स्वतःच वाकून बटण दाबलं. शेवटी कुणी प्रश्न विचारलेच नाहीत. चहा आला.

बाहेरच्या व्हरांड्यात तिने त्यांना गाठलं.

"सर, आतल्या काठावरचे ठिपके कुणी काढले?"

"हळू बोल."

"मी हळूच बोलतेय. कुणी काढले?"

"मी काढले. ती माहिती अजून प्रसिद्ध झालेली नाही. अप्रसिद्ध माहिती अशा ठिकाणी दाखवत नसतात."

"मग दुसऱ्या काठावरची तरी कुठे प्रसिद्ध झालीय? ती बरी चालली!"

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. "हे बघ, भिंत होणारच आहे. आपण विरोध केला तर ते दुसरा सल्लागार आणतील, ज्याला पाणमांजर आणि मुंगूस यांतला फरक कळत नाही. आत राहिलो तर निदान चार झाडं वाचवू."

"झाडं नकोत मला चार! मुळं हवीत. तिथे पिल्लं होती, सर. तुम्ही पाहिलीत. माझी पाठ थोपटलीत."

"आधी प्रबंध पूर्ण कर," ते म्हणाले, आणि आता आवाजातली साय निघून गेली होती. "जग मग सुधार. प्रबंधावर सही कुणाची लागते, हे विसरू नकोस."

ती बससाठी न थांबता पायी घरी गेली. रस्ताभर तिच्या मनात उत्तरं उगवत होती, एकापेक्षा एक धारदार, आणि ती वेळेवर का सुचली नाहीत म्हणून आणखी राग येत होता.

घरी आई शिकवणीच्या मुलांचे पेपर तपासत होती आणि बाबा सोफ्यावर बसून सुट्या केलेल्या टेबलपंख्याला तेल घालत होते. निवृत्त झाल्यापासून ते घरातल्या प्रत्येक वस्तूला तेल घालत, गरज असो वा नसो. माऊने सगळं सांगितलं. आईने लाल पेन खाली ठेवलं.

"म्हणजे चक्क चोरी की गं ही!"

"चोरी नाही," बाबा म्हणाले, "चोरी म्हणजे वस्तू नेतात. यांनी तिच्याच हाताने तिच्याच घराला कुलूप लावलं." मग तेलाची बुधली बंद करत पुढे म्हणाले, "पण माऊ, पाण्यात राहून माशाशी वैर नको. एवढी वर्षं घातलीस. सही होऊ दे. मग हवं ते बोल."

"तोवर भिंत झालेली असेल, बाबा."

"मी जन्मभर वरून हुकूम आला की गाळ उपसला. कुठला काठ खरवडतोय, विचारलं नाही कधी. विचारून कुणाचं भलं झालंय?"

मग तिने उरलेलं सांगितलं, जे तिला सांगायचं नव्हतं. सरांनी तिच्या खुर्चीवर हात ठेवून काय म्हटलं ते.

बाबांचा चेहरा हळूहळू बदलला. "माझ्याबद्दल? त्या सभेत?"

"हो."

"मला ओळखतात ते?"

"नाही."

"मग माझं नाव घ्यायची परवानगी कुणी दिली त्यांना? मी काय त्यांच्या शोकेसमधली बाहुली आहे? खोट्या नकाशावर शिक्का हवा, तर माझ्या बोटीचा घेतला?" बाबा उठून उभे राहिले. पंख्याचं पातं त्यांच्या हातातच होतं. "कामगार होतो, त्याची लाज नाही. कुणाच्या खोट्याला साक्षीदार नव्हतो मी."

"अहो, ते पातं ठेवा आधी," आई म्हणाली, "कुणाला तरी लागेल."

दुसऱ्या दिवशी माऊ विभागप्रमुखांकडे गेली. मॅडम हुशार होत्या, सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मूळ नकाशा आणि सादरीकरणातला नकाशा शेजारीशेजारी पाहिला. त्यांना कळलं हे त्यांच्या भुवयांवरूनच दिसलं. मग त्या म्हणाल्या, "तुझं चुकलेलं नाही. पण वेळ बरोबर नाही. या वर्षी विभागाची तपासणी आहे. जरा दमाने घे."

"मॅडम, पाणमांजराला तपासणीचं वेळापत्रक पाठवू का? ती दमाने घेईल."

मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. त्या हसल्या असत्या आणि उठल्या असत्या, तर ही गोष्ट इथेच संपली असती. त्या उठल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत निरोप आला की कॅमेरे संशोधन-प्रकल्पाच्या मालकीचे आहेत, ते काढून जमा करावेत. लॅपटॉपवरची माहिती आणि फोटोही विभागाच्या परवानगीशिवाय वापरायचे नाहीत.

कॅमेरे काढायला घुबड तिच्यासोबत आला. वळणावर पोचले तर झाडांच्या बुंध्यांवर लाल रंगाचे फराटे मारलेले. पाणकणसाचा एक पट्टा कुणीतरी कापून ठेवलेला, मोजणीच्या माणसांना उभं राहायला जागा हवी म्हणून. काठावर खुंट्या ठोकलेल्या आणि त्यांना प्लास्टिकच्या फिती. त्या वाऱ्यावर फडफडत होत्या, जत्रा भरल्यासारख्या.

"यांना परवानगी मिळाली पण?" घुबडाने विचारलं.

"जनसुनावणी व्हायचीय अजून."

"मग या खुंट्या?"

"भिंत आधी ठरते. ऐकणं मागाहून असतं," माऊ म्हणाली आणि कॅमेऱ्याचा पट्टा इतक्या जोरात ओढला की बक्कल तुटलं.

जनसुनावणी एका शाळेच्या सभागृहात झाली. व्यासपीठावर निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष म्हणून बसले होते, शेजारी पालिकेचे अभियंते, आणि त्यांच्या शेजारी जाकिटातले सर. ज्याला बोलायचं असेल त्याने नाव द्यायचं आणि घंटा वाजेपर्यंत बोलायचं. लोक दिव्यांबद्दल बोलले, कुत्री फिरवण्याबद्दल बोलले, बाकांच्या रंगाबद्दल तर दोघे भांडलेसुद्धा. मग माऊचा पुकारा झाला.

"कोणत्या संस्थेतर्फे?" अध्यक्षांनी विचारलं.

"कोणत्याच नाही. मी याच शहरातली. नदीवर फिरते."

सरांनी मान वर केली.

"सल्लागारांच्या अहवालातला नकाशा मी केलेल्या नकाशावरून घेतलाय," माऊ म्हणाली. "पण माझ्या नकाशावर वळणावर खूप ठिपके होते. अहवालात ते नाहीत. ते मी काढलेले नाहीत. अहवाल म्हणतो, तिथे पाणमांजरांची फक्त येजा आहे. येजा रस्त्यावर असते. ज्या घरात बाळंतपण होतं त्याला येजा म्हणत नाहीत, वस्ती म्हणतात. त्या झाडांच्या मुळांत मादीने पिल्लं वाढवली आहेत."

सभागृहात कुजबुज झाली. सर माइककडे झुकले. चेहऱ्यावर दुखावलेल्या बापाचा भाव होता. "अध्यक्ष महाराज, या मुलीला मी घडवलंय. ती गुणी आहे, पण भावनेच्या भरात आहे. तिच्याकडची माहिती तपासून व्हायची आहे. फोटो विभागाच्या मालकीचे आहेत. ते तिने इथे दाखवले तर शिस्तभंग होईल, आणि मला ते आवडणार नाही."

म्हणजे पुरावा दे म्हणायचं, आणि पुराव्यावर हात ठेवून बसायचं!

"ठीक आहे. फोटो सरांचे. कॅमेरे सरांचे. नदी तर सरांची नाही ना?"

मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली. अध्यक्षांनी टेबलावर बोटं आपटली.

"मी फोटो दाखवतच नाही," ती पुढे म्हणाली. "माझ्यावर विश्वासही ठेवू नका. तुम्ही सगळे या आणि बघा. एकाने पाहिलेलं दुसऱ्याला जाऊन तपासता येतं, त्यालाच तर शास्त्र म्हणतात. न जाता सही करायची असेल, तर मला पुढे काही बोलायचं नाही."

घंटा वाजली. ती जागेवरून हलली नाही.

अध्यक्षांनी सरांकडे पाहिलं, मग अभियंत्यांकडे. "हे वळण आपल्यापैकी कुणी प्रत्यक्ष पाहिलंय?"

अभियंत्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण म्हणाला, "ड्रोनने पाहिलंय, सर."

"हूं. तिथे पायी जाता येतं?"

"येतं," माऊ म्हणाली, "पण पायी गेलो तर ती बिथरेल, आणि यंदाही पिल्लं असतील तर हलवेल. बोटीने जावं लागेल. सकाळी, लांबून."

"आता बोट कुठून आणायची?" एक अभियंता पुटपुटला.

"बोट मी आणतो," मागच्या बाजूने आवाज आला. बाबा उभे होते. इस्त्रीचा शर्ट, नीट भांग, आणि कॉलर पुन्हा पुन्हा चाचपणारा हात.

सकाळी धुकं विरळ होत असताना सगळे धक्क्यावर जमले. बाबांनी जुन्या सहकाऱ्याकडून वल्ह्यांची बोट मागून आणली होती. अध्यक्ष आले, एक अभियंता आला, आणि सरही आले. न येऊन सांगतात कुणाला? त्यांनी बोटीत पाय ठेवला तशी बोट कलली. बाबांनी त्यांचा दंड धरला.

"सांभाळून, साहेब. मीच तो, गाळाच्या बोटीवरचा. मध्ये बसा, नाहीतर जाकीट भिजेल."

सर मध्ये जाऊन बसले. माऊला कबूल करायला हवं की तिला फार बरं वाटलं.

वळणाच्या अलीकडे पात्रात एक सपाट खडक आहे. बाबांनी बोट तिथे लावली. खडकावर काळपट विष्ठेचे ताजे ढीग होते. माऊने काडीने एक उकलून दाखवला. खवले, बारीक काटे.

"हे कुत्र्याचं नाही कशावरून?" अभियंत्याने विचारलं.

"वास घेऊन बघा."

अभियंता मागे सरला. अध्यक्ष मात्र गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि खरंच त्यांनी वास घेतला. "मासळी," ते म्हणाले. "जरा शिळी."

"आणि खडकाच्या कडेला, चिखलात हे ठसे. कुत्र्याची चार बोटं उमटतात. इथे मोजा."

अध्यक्षांनी चिखलावर बोट न टेकवता मोजली. पाच होती.

"हे मी कधीच नाकारलं नव्हतं," सर म्हणाले. "प्राणी इथे येतो, असंच अहवालात आहे. येजा."

तेवढ्यात बाबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. पाण्यावर एक रेघ सरकत होती. रेघेच्या टोकाला चपटं, ओलं डोकं होतं आणि तोंडात आडवा मासा, अजून वळवळणारा. मादी पाणकणसाच्या कडेने गेली, कापलेल्या पट्ट्यापाशी थबकली, बोटीच्या दिशेने तिने नाक उचललं. मग मादीने बुडी मारली आणि ती उघड्या मुळांपाशी वर आली. माशासकट आत शिरली. आतून बारीक चिवचिव ऐकू आली, एकावर एक, भांडल्यासारखी. मादी बाहेर आली तेव्हा तोंड रिकामं होतं.

दुर्बीण खाली घेत अध्यक्ष म्हणाले, "नुसती येजा करणारा प्राणी तोंडातला घास घेऊन झाडाच्या मुळात कशाला शिरेल हो, प्राध्यापक?"

सरांनी जाकिटाच्या एका खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला.

निर्णय आला तो असा, की वळणाचा आतला काठ प्रकल्पातून वगळावा, तिथल्या खुंट्या काढाव्यात, आणि पुन्हा कधी बांधकाम करायचं झालं तर आधी बाहेरच्या तज्ज्ञांकडून पाहणी करून घ्यावी. वळणाच्या खालचा सगळा पट्टा मात्र मंजूर झाला. तिथेही पाणकणीस होतं, तिथेही ठसे होते, पण तिथे कुणी मुळांत मासा नेताना दिसलं नव्हतं. माऊने पुन्हा अर्ज केला, पुन्हा भेटली, पुन्हा बोलली. तिला सांगण्यात आलं की एवढं मिळालं यात समाधान मानावं. समाधान! अर्धी नदी बुजवायची आणि उरलेल्या अर्धीबद्दल आभार मानायचे. आठवड्याभरात खालच्या पट्ट्यावर यंत्रं चालू झाली. त्या मादीने वळण सोडलं की नाही, हे माऊला कळायला मार्ग नव्हता, कारण तिथे लावायला कॅमेरा नव्हता.

मग वर्तमानपत्रात सरांची मुलाखत आली. मोठा फोटो, जाकिटासकट. मथळा होता, 'आमच्या विभागाच्या संशोधनामुळे पाणमांजरं वाचली.' आत लिहिलं होतं की सुरुवातीपासून सर त्या वळणासाठी आग्रही होते. विद्यार्थ्यांचंही मोलाचं साहाय्य झालं. बाबांनी पेपर वाचला, घडी केली, उलगडला, परत वाचला. मग वर्तमानपत्राला फोन लावला आणि पाऊण तास त्या बातमीदाराला असं काही सुनावलं की आईने मुलांची शिकवणी दुसऱ्या खोलीत हलवली. बातमीदाराने सगळं ऐकून घेतलं आणि दुरुस्ती कधीच छापली नाही.

विभागात मॅडमनी माऊला बोलावलं. सर आता तिला मार्गदर्शन करायला तयार नव्हते. विश्वासाला तडा गेला, असं त्यांनी लेखी दिलं होतं. एक वाट होती. माऊने दिलगिरी व्यक्त केली, तर पाहता येईल.

"कशाबद्दल दिलगिरी, मॅडम?"

"मोघम लिही. झाल्या प्रकाराबद्दल."

"झाला प्रकार मी केला नाही. ठिपके मी पुसले नाहीत. ज्यांनी पुसले त्यांच्याकडून तुम्ही दिलगिरी मागितलीत का?"

माऊने टेबलावर प्रयोगशाळेची किल्ली ठेवली. दार हळू लावायचं असं तिने ठरवलं होतं, पण ते जोरात लागलं. व्हरांड्यात उभ्या असलेल्या घुबडाने टाळी वाजवली आणि लगेच हात खिशात घातले. अजून त्याच्या स्वतःच्या प्रबंधावर सही व्हायची होती. माऊने त्याला दोष दिला नाही, पण ती त्याच्याकडे पाहून हसलीही नाही.

इतक्या वर्षांची माहिती तिथेच राहिली. फोटो, ठसे, नकाशा, सगळं. आतून जळल्यासारखं वाटायचं. रस्त्यात एखाद्याने नुसतं 'काय चाललंय?' विचारलं तरी ती अंगावर धावून जायची. शेवटी आई म्हणाली, "माऊ, राग कर, पण असा वाया घालवू नकोस. कुठेतरी वापर."

शहराच्या दुसऱ्या टोकाला एक लहान कॉलेज होतं. तिथे बेडकांवर काम करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांची खोली म्हणजे जिन्याखालची अडगळ, काचेच्या टाक्यांनी भरलेली, आणि बसायला एकच खुर्ची. माऊ उभीच राहिली.

"तुझ्याबद्दल ऐकलंय," बाई एका टाकीत हात घालून काहीतरी साफ करत म्हणाल्या. "भांडकुदळ आहेस म्हणतात."

"हो."

"पाणमांजरातलं मला काही कळत नाही."

"मला कळतं. मला असा गाइड हवाय जो माझं वाचेल आणि चुकलं तर तोंडावर सांगेल."

"ते करीन. आणखी?"

"एक अट आहे माझी," माऊ म्हणाली. विद्यार्थ्याने गाइडला अट घालायची नसते हे तिला ठाऊक होतं. "मी गोळा केलेल्या माहितीची एक प्रत माझ्याकडे राहील. आणि माझा नकाशा मला न विचारता कुणी बदलणार नाही. तुम्हीसुद्धा नाही."

बाईंनी हात टाकीतून काढला, पदराला पुसला. त्यांनी माऊला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ही अट घालावी लागते तुला?"

"लागते."

"मग लिहून घे, मी सही करते. पण माझीही एक अट. नव्याने सुरुवात म्हणजे पहिल्यापासून. जुनं रडगाणं प्रबंधात आलेलं चालणार नाही."

"प्रबंधात येणार नाही," माऊ म्हणाली. "बाहेर गाईन मी ते. मोठ्याने."

बाई हसल्या. टाकीतला बेडूक उडी मारून काचेला चिकटला. माऊने पाठीवरची पिशवी उतरवली, खुर्चीवरच्या कागदांचा ढीग जमिनीवर ठेवला आणि कोणत्या काठापासून सुरुवात करायची ते सांगायला बसली.